पिवळा आधी, काळा शेवटी

मराठी पुस्तकात मुखपृष्ठ करणाऱ्याचं नाव शोधायचं तर आतल्या तिसऱ्या-चौथ्या पानावर जावं लागतं. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्तीचं साल, हक्क कुणाचे, अक्षरजुळणी कुणाची, मुद्रक कोण, आणि या गर्दीत कुठेतरी एका ओळीत ‘मुखपृष्ठ’ आणि पुढे नाव. माझ्याबरोबरच्या काही जणांना ही जागा अपमानाची वाटायची. निदान मलपृष्ठावर तरी नाव हवं म्हणून ते प्रकाशकांशी भांडायचे. भांडले ते चांगलंच केलं. आता काही प्रकाशक तसं छापतात. मला मात्र ती आतली जागा कधी खुपली नाही. अक्षरं जुळवणाऱ्याच्या शेजारी आणि छापणाऱ्याच्या वर, माझं काम नेमकं तिथेच बसतं. मी बोर्डावर रंगवून द्यायचे ते अजून चित्र झालेलं नसायचं. कॅमेरावाला, ब्लॉकवाला, मशीनमन, बाइंडर अशा हातांतून जाऊन ते पुस्तकावर चढायचं तेव्हा कुठे पुरं व्हायचं.

घरी मी कॅनव्हासही रंगवते. तिथे माझ्यानंतर कुणी नाही. मी ब्रश धुवायला टाकला की चित्र संपलं. बाई तीच, हात तेच, पण चित्र संपण्याची जागा दोन्हीकडे वेगळी. ‘यातलं तुमचं खरं काम कुठलं?’ असं लोक विचारतात, आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते, कारण मला त्या प्रश्नात फारसा रस नाही. चित्र कुठे संपतं आणि ते कोण ठरवतं, याचा विचार करण्यात मात्र माझी हयात गेली.

मी सावंतवाडीची. मोती तलाव, काठावरचा राजवाडा आणि चितार आळी एवढ्यात आमचं गाव आटपायचं. चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, सीताफळं रंगत असायची. शाळेतून येताना मी दाराशी उभी राहायची आणि कुणी हाकललं नाही म्हणून उभीच राहायची. राजवाड्यात त्या सुमाराला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायच्या पत्त्यांची कला, पुन्हा जिवंत करायला घेतली होती. ती कला जाणणारे पुंडलिक चितारी तेव्हा फार वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून ती शिकून घेऊन नवे कारागीर तयार होत होते. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी आम्हाला दरबार हॉलमध्ये नेलं. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. गोल पत्ता तळहाताएवढासुद्धा नाही. मला चित्रापेक्षा त्याचं हातोहात पुढे सरकणं आवडलं. कुणी पत्त्यावर चिंचोक्याची खळ चढवतोय, कुणी घोटून गुळगुळीत करतोय, कुणी जमीन भरतोय, कुणी किनार काढतोय. मत्स्याचा डोळा काढणारा माणूस सगळ्यांत शेवटी. त्या डोळ्याला बाकीच्यांच्या हातांचा आधार होता हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण दिसलं होतं.

घरात चित्रं म्हणजे दिवाळी अंक. १९४५ साली दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला, आणि त्याचे जुने अंक आमच्या माळ्यावर ट्रंकेत होते. दलाल मूळ गोव्याचे, रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच, त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याविषयी ‘आपल्या बाजूचे’ अशा सुरात बोललं जायचं. मुळगावकरांचे देव गुळगुळीत, एअरब्रशने घोटलेले, आईला आवडणारे. मला दलालांची रेषा आवडायची. एकाच अंकात एका कथेला भरगच्च जलरंग, दुसरीला चार फटकारे, तिसरीला नुसता सपाट काळा. हा एकच माणूस इतक्या तऱ्हांनी का काढतो, हे मला कोडं होतं. मोठी झाल्यावर कळलं की कथेनुसार तर बदल असतोच, पण कुठल्या पानाला किती रंग मिळणार आणि कागद कुठला हेही त्यात असतं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा मी शाळेतच दिल्या. महाराष्ट्रात चित्र काढणाऱ्या मुलांचा रस्ता तिथूनच जातो. भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर बाकीच्यांना नको व्हायचा, मला त्यातच मार्क पडायचे. सरांनी वडिलांना सांगितलं, हिला मुंबईला पाठवा, कमर्शिअलला. ‘कमर्शिअल’ म्हटल्यावर वडिलांना धीर आला. त्या शब्दात पगार होता.

मुंबईत व्हीटीसमोरच्या आवारात दोन संस्था शेजारी शेजारी होत्या. १८५७ सालचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आणि त्यातून निघालेली आमची इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट. १९३५ साली स्कूलमध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये तो वेगळी संस्था झाला. मधे भिंत नव्हती, तरी होती. पलीकडची मुलं आम्हाला ‘साबणवाले’ म्हणायची. आम्ही त्यांना काय म्हणायचो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कॅन्टीनच्या चहाचे पैसे मात्र बहुतेक वेळा साबणवालेच द्यायचे, कारण आम्हाला दुसऱ्या वर्षापासूनच बाहेरची छोटी कामं मिळायची: लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, एखाद्या नाटकाचा बॅनर.

शिकवणं कोरडं होतं, आणि मला ते तसंच हवं होतं. बोडोनी, गिल, फ्युच्युरा ही रोमन अक्षरं दोन-दोन इंच उंचीची काढायची, पोस्टर कलरने भरायची, कडा रूलिंग पेनने साधायची. गोल ‘ओ’ जरा खाली-वर उतरवला नाही तर शेजारच्या ‘एच’पेक्षा लहान दिसतो, हे डोळ्याला पटेपर्यंत काढत राहायचं. देवनागरीसाठी बोरू तासायचा. बोरूची जीभ तिरकी कापली की ‘क’चं पोट आपोआप जाड-बारीक होतं, मनाने काही करावं लागत नाही. र. कृ. जोशी यांचं अक्षरावरचं बोलणं ऐकायला आम्ही जिथे असेल तिथे जायचो. जाहिरातीच्या धंद्यातला माणूस, कवी, आणि अक्षराला देह असतो अशा खात्रीने बोलणारा. घरी येऊन आम्ही वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापायचो. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं तशी छापखान्याच्या कुठल्याच खिळ्यात मिळत नव्हती. नाव वाचायच्या आधी नाटक हसवणारं आहे की रडवणारं हे कळायचं. ती कात्रणं मी वहीत चिकटवली होती आणि शेजारी टाचण करायची: काना केवढा, शिरोरेषा कुठे तोडली, उकार कुठे अडकवला.

पुढे काही वर्षं एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत काढली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. व्हिज्युअलायझर कल्पना काढायचा, आम्ही फिनिशिंगवाले ती स्वच्छ करायचो. मागच्या खोलीत रबर सोल्यूशनचा वास भरलेला असायचा आणि त्या वासाने दुपारी डोकं जड व्हायचं. बायका कमी होत्या. आम्हाला बाळाच्या पावडरीच्या आणि साड्यांच्या जाहिराती यायच्या, ट्रॅक्टर आणि टायर पुरुषांकडे जायचे. मी टायर मागून घेतला. टायरची नक्षी इंडियन इंकने काढायला जो संयम लागतो तो साड्यांना लागत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

पुस्तकांकडे मी वळले ते पैशासाठी नक्कीच नाही. मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ म्हणजे मानधन थोडं, तेही पुस्तक निघाल्यावर, आणि पुस्तक निघून बराच काळ गेल्यावर. एका प्रकाशकांनी मला मानधनाऐवजी त्यांच्या यादीतली हवी ती पुस्तकं न्या म्हटलं होतं. मी नेली. त्यातली काही अजून वाचते, त्यामुळे तो व्यवहार तोट्याचा झाला असं म्हणवत नाही. पण घरभाडं पुस्तकांनी भरता येत नाही, म्हणून लेबलं आणि कॅलेंडरं सुटली नाहीत.

माझं खरं शिक्षण गिरगावातल्या एका छापखान्यात झालं. तिथल्या मशीनमनला सगळे मामा म्हणत. मी पहिलं दुरंगी मुखपृष्ठ घेऊन गेले तेव्हा ऑफसेट मुंबईत स्थिरावलं होतं, पण कमी प्रतींची पुस्तकं, विशेषतः कवितेची, अजून खिळ्यांवर आणि ब्लॉकवर छापली जात होती. तेव्हाची रीत अशी: मुखपृष्ठ मूळ मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढायचं, म्हणजे कॅमेऱ्यात लहान होताना हाताचा थरकाप झाकला जातो. रंग कितीही असोत, प्रत्येक रंगाचं चित्र काळ्या शाईतच काढायचं. मुख्य रेषा बोर्डावर, दुसरा रंग वरच्या ट्रेसिंग पेपरवर, चारही कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या. ब्लॉकवाला त्यांचा फोटो काढून जस्ताच्या पत्र्यावर उतरवतो, तेजाब नको तो भाग खातं, आणि उरलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला जातो. ठोकळा आणि पत्रा मिळून उंची ०.९१८ इंच, खिळ्याच्या उंचीइतकी. जरा कमी पडली तर चित्र छापत नाही, जास्त झाली तर कागद फाटतो. छायाचित्र असेल तर जाळी: वर्तमानपत्राला इंचाला ६५ रेषांची, आर्ट पेपरला १३३ची.

थोडक्यात, मी जे चित्र काढायचे ते मला स्वतःला दिसत नसे. दोन काळी चित्रं समोर असायची आणि रंगीत चित्र डोक्यात. ते पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसायचं ते मामांच्या मशीनवर.

मामांनी मला काही धडे म्हणून दिले नाहीत. ते काम करायचे आणि मधेच बोलायचे. ‘ताई, कागद पितो,’ हे त्यांचं नेहमीचं. म्हणजे खरखरीत कागदावर शाई पसरते, बारीक पांढरी रेघ बुजून जाते, तेव्हा ती काढतानाच जाड काढ. चार रंग असले की पिवळा आधी. पिवळा बिचारा, त्याच्यावर कुणीही बसलं तरी चालतं. मग लाल, मग निळा, आणि काळा शेवटी, कारण काळा आला की बाकीच्यांची बडबड थांबते. मामा असं बोलत, मी ते लिहून घेत नसे, पण ते सगळं हातात उतरलं. दाब कमी पडला त्या जागी ते ब्लॉकखाली पातळ कागदाचे तुकडे चिकटवायचे, बोटाने चाचपून. माझ्या चित्रातला एखादा काळा तुकडा फिका यायचा, ते दहा मिनिटं खाली काहीतरी करायचे आणि तोच तुकडा भरून यायचा. मग ते चित्र कुणाचं?

एका ग्रामीण कथासंग्रहाला प्रकाशकांनी दोनच रंग परवडतील म्हणून सांगितलं. मी विटकरी आणि गडद निळा घेतला. जिथे दोन्ही एकमेकांवर येतील तिथे जवळजवळ काळा मिळतो, आणि कागद मोकळा सोडला तर पांढरा. दोन शायांच्या पैशात चार रंग. लेखकांना मुखपृष्ठावर बैलगाडी, विहीर, वड आणि पागोटेवाला म्हातारा असं सगळं हवं होतं. कथांमध्ये ते सगळं होतंही. मी हस्तलिखित वाचून गेले होते. हे मी कायम केलं, वाचल्याशिवाय ब्रश उचलला नाही, अगदी पाकशास्त्राच्या पुस्तकालासुद्धा नाही. त्या कथांमध्ये माणसं सारखी उंबऱ्यात उभी होती. आत जावं की बाहेर, हे न ठरलेली. मी एक काळं दार काढलं आणि त्यातून येणारी विटकरी उजेडाची पट्टी. मामांनी विटकरी दोनदा बदलला. पहिला फार लाल होता, ‘कुंकवाचा करंडा दिसतोय’ म्हणाले, आणि स्लॅबवर स्पॅच्युलाने थोडा निळा कालवला. लेखक पुस्तक हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बैलगाडी नसली तरी चालेल.

त्या काळात माझ्यासमोर बाळ ठाकूर आणि पद्मा सहस्रबुद्धे यांची कामं होती. मौज प्रकाशनाच्या पुस्तकांवर ती दिसायची. सहस्रबुद्धे यांचं काम मी फार निरखून पाहिलं, कारण त्यांना मोकळी जागा सोडायची भीती वाटत नसे. पुस्तकाचं नाव कुठे बसणार हे ठरवून मगच चित्र सुरू होतं, हे त्यांच्या मुखपृष्ठांवरून शिकता येतं. नाव नंतर कुठेतरी घुसडायचं असेल तर चित्र कितीही सुंदर असो, मुखपृष्ठ होत नाही.

मग ब्रोमाइडचे दिवस आले. खिळे गेले, मजकूर फोटोसेटरवर जुळून चकचकीत कागदाच्या पट्ट्यांवर यायचा आणि तो कापून बोर्डावर चिकटवायचा. मराठीत हे फार जिकिरीचं. शुद्धलेखनाची चूक निघाली की पुन्हा पट्टी काढायला पैसे आणि एक दिवस जायचा, म्हणून आम्ही दुसऱ्या शब्दातली वेलांटी कापून इथे लावायचो. ब्लेडच्या टोकावर एक वेलांटी घेऊन श्वास रोखून बसलेल्या माणसाला कुणी हाक मारू नये असा स्टुडिओत अलिखित कायदा होता. ऱ्हस्व-दीर्घाचा तिटकारा असलेल्या मुलाला दोन महिने पेस्ट-अपला बसवा; तो जन्मात विसरणार नाही.

नव्वदच्या दशकात संगणक आला आणि ही सगळी हत्यारं माळ्यावर गेली. मी तक्रार करणार नाही. रबर सोल्यूशनची डोकेदुखी गेली तेव्हा मला आनंदच झाला. पेजमेकर, कोरल ड्रॉ, आणि मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी. फाइल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेली की अक्षरांचा चिवडा व्हायचा, कारण दोघांच्या फॉन्टचं आतलं कोष्टक वेगळं. त्याहून मोठी अडचण डोळ्यांना होती. बाजारात आलेले बरेच फॉन्ट हिंदीच्या वळणाचे होते: ‘ल’ आणि ‘श’ दोन्ही उत्तरेकडचे. मराठी वाचणाऱ्याला अर्थ लागायचा, पण पान परकं दिसायचं. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलं, त्यात ही वळणंही आली. मधल्या काळात मात्र किती पुस्तकं उपऱ्या ‘ल’ने छापली गेली याची कुणाला फारशी खंतही नव्हती. संगणकावर युनिकोड आलं तेव्हा विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींनी केला होता. तो पडद्यावर वाचायला केलेला. लोकांनी तो लग्नपत्रिकांपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे वापरला, त्याला जोशी काय करणार. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’च्या तरुण मंडळींनी ‘मुक्त’, ‘बलू’ असे फॉन्ट काढले आणि कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले केले. ते पाहून मला पुन्हा अक्षरांची वही काढावीशी वाटली. ही मुलं ‘र्‍ह’चा विचार करतात, ‘ळ’ला अंग देतात. आमच्या पिढीतले बरेच जण अक्षर म्हणजे चित्राखालची ओळ समजायचे.

संगणकाने मला जे बदलून दिलं ते वेगळंच. माझं चित्र आता मला छापण्याआधी दिसू लागलं. आणि मला दिसलं म्हणजे सगळ्यांनाच दिसलं. प्रकाशक शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. ‘हे निळं जरा हिरवं करून बघू या का?’ बघायला पैसे पडत नव्हते, म्हणून बघायचंच. ब्लॉकच्या काळात हा प्रश्न विचारायला नवा ब्लॉक लागला असता, त्यामुळे कुणी विचारत नसे. हे स्वातंत्र्य आहे असं मला सांगण्यात आलं. माझा अनुभव असा की पडद्यावर चित्र संपतच नाही, ते कंटाळ्याने थांबतं.

आणि दुसऱ्या टोकाला छापखान्यातून फोन येणं बंद झालं. पीडीएफ गेली की गेली. मामांसारखा माणूस मधे उभा राहून ‘ताई, हे लाल फार आहे’ असं म्हणत नाही. मग ते म्हणणं मला स्वतःलाच म्हणावं लागलं. लहान अक्षरं नुसत्या काळ्यात ठेवा, चार रंगांचं मिश्रण करून काळी करू नका, नाहीतर जुळणी केसभर हलली तरी प्रत्येक अक्षराला गुलाबी झालर येते. ऑफसेटच्या चाररंगी मशीनवर क्रमही उलटला: तिथे सहसा काळा आधी आणि पिवळा शेवटी. शाया पातळ आणि पारदर्शक, म्हणून चालतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घरातल्या थोरल्याला पंगतीत शेवटी बसवल्यासारखं वाटलं.

आता कॅनव्हासविषयी. जांभ्याचा सडा, पावसानंतर त्यावर उगवणारं गवत, चुना लावलेल्या भिंती, हेच मी वर्षानुवर्षं रंगवत आले. मुंबईत असतानाही. पहिल्या प्रदर्शनात एका ज्येष्ठ चित्रकारांनी सगळा हॉल फिरून झाल्यावर म्हटलं, ‘छान आहे, पण पोस्टर झालंय.’ त्यात त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. सपाट रंग, स्वच्छ कडा, सोडलेली जागा: त्यांना जे खटकलं ते सगळं मामांच्या छापखान्यातून आलेलं होतं. मी घरी येऊन कडा पुसट करून पाहिल्या. चित्रं वाईट झाली असं नाही, पण ती कुणाचीही झाली.

तेव्हा मला प्रभाकर बरवे यांच्या कामाचा आधार वाटला. १९६१ पासून ते विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये होते, आधी बनारसला, मग मुंबईत. हातमागाच्या कापडासाठी नक्षी करणं ही त्यांची नोकरी. आणि त्यांची चित्रं बघा: एनॅमलच्या सपाट रंगात घड्याळ, पान, ढग असं काहीतरी मोकळ्या जागेत सुटं ठेवलेलं. कापडावर दोन नक्ष्यांच्या मधली जागा जो मोजत आला त्यालाच ती मोकळी जागा अशी धरता येते, असं माझं मत आहे. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९० मध्ये आलं तेव्हा मी ते लेखांचं पुस्तक म्हणून न वाचता कारागिराची टाचणवही म्हणून वाचलं. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते गरिबीच्या गोष्टीसारखं सांगितलं जातं. रस्त्यापलीकडून, चालत्या ट्राममधून दिसेल असा घोड्याचा पाय एका फटकाऱ्यात काढायची सवय कुठून आली, हे कुणी सांगत नाही. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री तर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता आडनावानेच पेंटर झाले, आणि पुढे सिनेमा काढला तेव्हा त्याची पोस्टरंही त्यांच्या हातून गेली. मराठी मुलखात ‘खरा’ चित्रकार आणि ‘धंद्याचा’ चित्रकार ही फारकत जुनी नाही. आम्ही ती कॉलेजात शिकलो.

तरी कॅनव्हाससमोर एक अडचण उरतेच. मुखपृष्ठाला तारीख असते, माप असतं, शायांची संख्या असते. मला कोणीतरी सांगतं, थांब. कॅनव्हासला तसं कुणी नाही. मी त्यावर एक युक्ती काढली आहे, ती कुणाला उपयोगी पडली तर पडो: चित्र सुरू करतानाच रंग ठरवून टाकते, तीन किंवा चार, आणि त्यांचा क्रमही. पिवळा आधी. पुढचा रंग पिवळ्यावर कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही हे ठरवायचं, आणि काळा शेवटी, एकदाच. काळा लावला की चित्राला हात लावायचा नाही. कधी कधी महिनाभर काळा लावण्याचं धाडस होत नाही. ते चित्र मग भिंतीकडे तोंड करून उभं असतं आणि घरातले विचारतात, ‘झालं का?’

आता मी बहुतेक काळ सावंतवाडीत असते. एसटी स्टँडावरच्या हाताने रंगवलेल्या गावांच्या पाट्या जवळजवळ गेल्या, दुकानांवर फ्लेक्स आले. पाट्या रंगवणारे जे ओळखीचे होते त्यांतला एक जण फ्लेक्स लावून देण्याचं काम करतो. त्याला विचारलं तर म्हणतो, पैसे बरे मिळतात, फक्त वर चढायचं भय तेवढंच राहिलं, हाताला काम नाही. मला यात रडण्यासारखं फार दिसत नाही, पण रोज रस्त्यावरून जाताना वाईट अक्षरं वाचावी लागतात हा त्रास आहे.

प्रकाशकांचे फोन अजून येतात. अलीकडे काही जण यंत्राकडून करून घेतलेलं चित्र पाठवतात आणि ‘ताई, यावर फक्त नाव टाकून द्या’ म्हणतात. चित्रं वाईट नसतात. पण ती चारी कडांपर्यंत गच्च भरलेली असतात. नावाला जागा नाही, लेखकाला जागा नाही, मागे बारकोड यायचाय त्याची दखल नाही. ज्याने ते केलं त्याला हे पुढे कुणाच्या तरी हातात जाणार आहे याची कल्पनाच नसते. मी तसं कळवते आणि दुप्पट मानधन सांगते. पुढे बहुतेक वेळा विषय मिटतो.

गेल्या पावसाळ्यात एका कोकणावरच्या लेखसंग्रहाला मी हट्टाने दोनच रंग वापरले. मातकट पिवळा, त्यात पांढरा मिसळलेला, म्हणजे शाई अपारदर्शक, आणि काळा. पुस्तक कोल्हापूरला छापलं जात होतं. दुपारी ऑपरेटरचा फोन आला, व्हिडिओवर. पोरगा विशीतला असेल. त्याने शीट कॅमेऱ्यासमोर धरली. ‘मॅडम, काळा राखाडी मारतोय. शाई तर बरोबर आहे.’

‘आधी कुठला टाकलास?’

‘काळा. आम्ही काळाच आधी टाकतो.’

मी म्हटलं, बाळा, या पिवळ्यात पांढरा आहे, तो काळ्यावर बसला की चुना फासल्यासारखा दिसणार. पिवळा आधी घे. तो म्हणाला, दोन्ही युनिटचे रोलर धुवायला लागतील, मालक ओरडतील. मालकांना फोन दे म्हटलं. मालकांनी आधी सावंतवाडीत पाऊस किती म्हणून विचारलं, मग सगळं ऐकून घेतलं, मग मुद्द्यावर आले: वाया गेलेल्या शीटांचा खर्च कुणाच्या नावावर टाकू?

‘माझ्या,’ मी म्हटलं. ‘मुखपृष्ठाचं मानधन आलं की त्यातून देते.’

ते मोठ्याने हसले. मराठी पुस्तकाचं मानधन केव्हा येतं हे छापखानेवाल्यांइतकं कुणाला माहीत असणार! पण रोलर धुवायला सांगितले त्यांनी.